एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड आणि ६.८ कोटी खाती: ड्रॉपबॉक्स प्रकरणाचा अभ्यास

जुलै २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्स या फाइली ऑनलाइन साठवण्याच्या सेवेच्या काही ग्राहकांना, विशेषतः युरोपातल्या, ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातींचे ईमेल येऊ लागले. स्पॅम सगळ्यांनाच येतो. पण यातले काही ग्राहक काटेकोर होते, प्रत्येक सेवेसाठी ते वेगळा ईमेल पत्ता ठेवत. जाहिराती येत होत्या त्या नेमक्या ड्रॉपबॉक्ससाठी काढलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता त्यांनी दुसरीकडे कुठेही दिलेला नव्हता. पत्ता ड्रॉपबॉक्सकडूनच बाहेर गेला, हे ओळखायला त्यांना कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही.

३१ जुलैला कंपनीने चौकशीत काय आढळले ते सांगितले. दुसऱ्या संकेतस्थळांवरून चोरलेली नावे आणि पासवर्ड वापरून कोणीतरी ड्रॉपबॉक्सच्या थोड्या खात्यांत शिरले होते. असाच एक चोरलेला पासवर्ड कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या ड्रॉपबॉक्स खात्यालाही लागला. त्या खात्यात कामाचा एक दस्तऐवज होता आणि त्यात ग्राहकांचे ईमेल पत्ते होते. स्पॅम आला तो तिथून. पाठोपाठ ऑगस्टमध्ये ड्रॉपबॉक्सने लॉगिनसाठी पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागण्याची सोय सुरू केली, आणि प्रकरण विस्मरणात गेले.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, ते पुन्हा वर आले. २०१२च्या मध्यापूर्वी खाते उघडलेल्या आणि तेव्हापासून पासवर्ड न बदललेल्या ग्राहकांना ड्रॉपबॉक्सने तो बदलायला लावला. काही दिवसांतच कारण उघड झाले. ६.८ कोटींहून अधिक खात्यांचे ईमेल पत्ते आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डवर प्रक्रिया करून काढलेले ठसे, असलेली एक फाइल बाजारात फिरत होती. २०१२ मध्ये नुसते पत्ते गेले असे लोक समजत होते, प्रत्यक्षात पासवर्डचे हॅशही गेले होते.

मजबूत पासवर्ड म्हटले की आपण अक्षरांचा विचार करतो. मोठी लिपी, लहान लिपी, आकडा, चिन्ह. या प्रकरणात दार उघडले ते अक्षरांच्या कमजोरीमुळे नाही. त्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड किती अवघड होता याला काही अर्थच उरला नव्हता, कारण तोच पासवर्ड आणखी एका ठिकाणी होता आणि ते ठिकाण आधीच फुटलेले होते. पासवर्डची पहिली ताकद तो एकाच जागी असण्यात आहे, लांबी आणि गुंतागुंत त्यानंतर येतात, असे माझे ठाम मत आहे. हे प्रकरण त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे.

आधी फुटलेले ठिकाण

२०१६ मध्ये आलेल्या वृत्तांनुसार तो पासवर्ड कर्मचाऱ्याने लिंक्डइनवरही वापरला होता. तारखा जुळवल्या की साखळी दिसते. येवगेनी निकुलिन या रशियन नागरिकावर अमेरिकेत जो खटला चालला, त्यातल्या आरोपपत्रात लिंक्डइनमधली घुसखोरी मार्च २०१२ची आणि ड्रॉपबॉक्समधली त्याच वर्षीच्या मे ते जुलै या काळातली आहे. मधल्या जूनमध्ये फॉर्मस्प्रिंग ही तिसरी कंपनी. निकुलिन ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रागमध्ये पकडला गेला, २०१८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आला, जुलै २०२० मध्ये दोषी ठरला आणि त्याला ८८ महिन्यांची कैद झाली.

लिंक्डइनमध्ये तो शिरला तोही एका कर्मचाऱ्याची लॉगिन माहिती हाती लागल्यावर. जून २०१२ मध्ये सुमारे ६५ लाख हॅश एका रशियन फोरमवर दिसले. ज्यांनी ते टाकले त्यांना उलगडायला मदत हवी होती.

या यादीकडे थोडे जवळून बघण्यासारखे आहे. संकेतस्थळाने पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचा नसतो, त्यावर गणिती प्रक्रिया करून निघालेला ठसा ठेवायचा असतो. तो ठसा म्हणजे हॅश. हॅशवरून पासवर्ड उलट काढता येत नाही, फक्त अंदाज करून ताडून बघता येतो. लिंक्डइनने एसएचए-१ ही पद्धत वापरली होती आणि तिचा हॅश ४० अक्षरांचा असतो. फोरमवरच्या यादीत लाखो ओळी अशा होत्या की ज्यांची पहिली पाच अक्षरे शून्ये होती. इतक्या ओळींत योगायोगाने ते होणे शक्य नाही. अभ्यासकांनी उरलेली ३५ अक्षरे ओळखीच्या पासवर्डच्या हॅशशी ताडून पाहिली आणि उलगडा झाला: जे पासवर्ड चोरांना आधीच सापडले होते, त्यांवर त्यांनी ही खूण केली होती. यादी जगाला दिसली तेव्हा काम बऱ्यापैकी उरकलेले होते.

ते इतके सोपे का गेले? कारण लिंक्डइनच्या हॅशमध्ये सॉल्ट नव्हता. प्रत्येक पासवर्डला हॅश करण्याआधी एक वेगळा, यादृच्छिक मजकूर जोडतात, त्याला सॉल्ट म्हणतात. तो असला की दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात आणि प्रत्येकावर स्वतंत्र मेहनत घ्यावी लागते. तो नसला की एकदा काढलेला हॅश सगळ्या यादीशी एका दमात ताडून बघता येतो. ही युक्ती नवीन नव्हती. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी ती १९७९ मध्येच लिहून ठेवली होती. कोट्यवधी लोकांची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये ती वापरलेली नसावी, याचा मला आजही राग येतो. ग्राहकाला हे बाहेरून दिसत नाही. आपला पासवर्ड समोरचा कसा साठवतो हे तपासायचा कोणताही मार्ग आपल्याकडे नसतो.

बंद खोलीतला अंदाज

‘चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खाते बंद होते, मग कोणी लाखो वेळा कसा प्रयत्न करेल?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्तही आहे. उत्तर असे की, हॅशची यादी हाती आल्यावर चोर लॉगिनच्या पानाकडे फिरकतच नाही. तो स्वतःच्या संगणकावर शब्द घेतो, त्याचा हॅश काढतो, यादीत आहे का बघतो. तिथे त्याला अडवणारे कोणी नसते.

वेगाचा अंदाज येण्यासाठी साधा हिशेब करू. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे एकूण संच २६चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. त्या काळातले एक चांगले ग्राफिक्स कार्डसुद्धा एसएचए-१चे सेकंदाला शंभर कोटींहून अधिक हॅश काढू शके. शंभर कोटींच्याच वेगाने गेले तर सगळे संच साडेतीन मिनिटांत संपतात. तेच बारा अक्षरे घेतली, त्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिसळले आणि ती खरोखर यादृच्छिक असली, तर त्याच वेगाने सुमारे एक लाख वर्षे लागतील. चोर शेकडो कार्डे लावेल, कार्डे दरवर्षी वेगवान होतील, तरी फरक किती मोठा आहे हे कळते.

या हिशेबातला महत्त्वाचा शब्द ‘यादृच्छिक’. माणूस डोक्याने पासवर्ड बनवतो तेव्हा तो ठरलेल्या वाटांनीच जातो. पहिले अक्षर मोठे, शेवटी जन्मसाल, ‘ए’च्या जागी ‘अ‍ॅट’चे चिन्ह, ‘ओ’च्या जागी शून्य, अगदी शेवटी उद्गारचिन्ह. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना हे नियम पाठ असतात. ते शब्दकोश घेतात, नावे घेतात, गाण्यांच्या ओळी आणि आधी फुटलेले कोट्यवधी पासवर्ड घेतात आणि त्या प्रत्येकावर हे बदल करून बघतात. म्हणून नियमांच्या चौकटीत बसवलेला आठ अक्षरांचा ‘अवघड’ पासवर्ड दिसतो तितका अवघड नसतो.

आणि पुष्कळांनी तेवढेही केलेले नव्हते. मे २०१६ मध्ये कळले की लिंक्डइनचे फुटलेले पासवर्ड ६५ लाखांवर थांबलेले नाहीत. ११.७ कोटी ईमेल-पासवर्डच्या जोड्या पाच बिटकॉइनला, म्हणजे तेव्हाच्या सुमारे २,२०० डॉलरना, विकायला आल्या होत्या. त्या यादीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले तेव्हा ‘१२३४५६’ हा पासवर्ड साडेसात लाखांहून अधिक खात्यांना सापडला. दुसऱ्या क्रमांकावर खुद्द कंपनीचे नाव, ‘लिंक्डइन’.

२०१२ मध्ये लिंक्डइनने धोक्यात वाटलेल्या खात्यांचेच पासवर्ड रद्द केले होते. बाकीचे कोट्यवधी लोक चार वर्षे निर्धास्त राहिले. हा मधला काळ मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. चोरी आणि तिची बातमी यांच्यात चार वर्षे जातात आणि तोवर चोरलेला पासवर्ड इतर दारांवर लावून बघितला जात असतो. ‘बातमी आली की बदलेन’ या धोरणाला इथे काहीच अर्थ राहत नाही.

जून २०१६ मध्ये तर फेसबुकचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती काही काळ परक्यांच्या हाती गेली. ज्या गटाने ती घेतली त्याचा दावा होता की पासवर्ड लिंक्डइनच्या यादीतूनच मिळाला, आणि तो ‘डा’ हा उच्चार तीनदा लिहून बनवलेला, सहा अक्षरांचा होता. तंत्रज्ञानाची समज कमी असणारेच यात फसतात, हा समज सोडून द्यावा.

जो पासवर्ड टिकला

आता याच प्रकरणातली चांगली बाजू. ड्रॉपबॉक्सची फाइल खरी की बनावट, हा २०१६ मध्ये मोठा प्रश्न होता. ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही फुटलेल्या खात्यांची शोधसेवा चालवणारे ट्रॉय हंट यांनी त्याची शहानिशा केली. फाइलमध्ये त्यांच्या पत्नीच्या खात्याची ओळ होती. त्या पासवर्ड मॅनेजर, म्हणजे वेगवेगळे पासवर्ड तयार करून साठवून ठेवणारा प्रोग्रॅम, वापरत होत्या, त्यामुळे २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सला कोणता पासवर्ड होता ते त्यात नोंदलेले सापडले: मॅनेजरनेच तयार केलेली २० यादृच्छिक अक्षरे. हंट यांनी तो फाइलमधल्या हॅशशी ताडून पाहिला. जुळला. फाइल खरी होती.

या तपासणीत मला जे दिसते ते असे. तो हॅश उलगडता आला कारण उत्तर आधीच माहीत होते. ज्याला उत्तर माहीत नाही त्याला २० यादृच्छिक अक्षरांपर्यंत अंदाजाने पोहोचणे अशक्यच. शिवाय, समजा कोणी पोहोचलेच, तरी त्या पासवर्डने ड्रॉपबॉक्सखेरीज दुसरे काहीही उघडले नसते. चोरी झाली, पण ती तिथेच संपली. ज्याने एकच पासवर्ड पाच ठिकाणी ठेवला त्याच्यासाठी त्याच फाइलचा अर्थ पाचपट वाईट होता.

साठवणुकीतही ड्रॉपबॉक्स लिंक्डइनपेक्षा पुढे होते, हे मान्य करायला हवे. फुटलेल्या फाइलमधले जवळपास निम्मे हॅश बीक्रिप्टचे होते, उरलेले सॉल्ट लावलेल्या एसएचए-१चे. बीक्रिप्ट ही १९९९ची पद्धत मुद्दाम संथ केलेली आहे आणि तिचा संथपणा वाढवताही येतो. एसएचए-१ सेकंदाला शंभर कोटींनी धावते, तिथे बीक्रिप्ट चोराला शेकड्या-हजारांच्या घरात आणून ठेवते. एक पासवर्ड तपासायला लागणारा क्षणभराचा वेळ लॉगिन करणाऱ्याला जाणवतही नाही, पण कोट्यवधी अंदाज करणाऱ्याचा तो जीव काढतो. कोणाच्या खात्यात यामुळे अनधिकृत प्रवेश झाल्याचे आढळले नाही, असे २०१६ मध्ये ड्रॉपबॉक्सने सांगितले.

त्यानंतर कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना पासवर्ड मॅनेजर पुरवला आणि अंतर्गत यंत्रणांना दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागण्याची पद्धत, लावली. उपाय योग्य जागी पडला असे मी म्हणेन. कर्मचाऱ्यांना ‘पासवर्ड पुन्हा वापरू नका’ अशी नुसती सूचना देऊन भागत नाही. शंभर वेगळे पासवर्ड लक्षात ठेवणे माणसाला जमत नाही, आणि जमत नसलेली गोष्ट करायला सांगितली की माणूस वहिवाटीने जुनाच पासवर्ड टाकतो.

सगळे एकाच जागी ठेवण्याची भीती

‘मॅनेजरच फुटला तर?’ ही शंका टाळून पुढे जाता येणार नाही, कारण तसे घडले आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते. त्या क्षणापासून प्रत्येक ग्राहक आणि चोर यांच्यामध्ये फक्त त्या ग्राहकाचा मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा एकमेव पासवर्ड, उभा राहिला. ज्यांचा तो लांब आणि इतर कुठेही न वापरलेला होता ते बरेच सुरक्षित राहिले. ज्यांनी जुनाच कुठलातरी टाकला होता त्यांना सगळे पासवर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून मेहनत करायची ती या एका पासवर्डवर. त्यासाठी मला शब्दांची पद्धत पटते. फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडले की २३ शून्यांच्या घरातली संख्या तयार होते आणि तरीही ते पाठ होतात. अट एकच: शब्द आपण निवडायचे नाहीत, फाशांनी निवडायचे. म्हण, प्रार्थना, गाण्याचे धृपद चालणार नाही, ते फोडणाऱ्यांच्या यादीत असते. हा पासवर्ड सुरुवातीला कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवला तरी काही बिघडत नाही. हजारो मैलांवरून हॅश फोडणारा तो कागद वाचायला येत नाही.

मॅनेजर नकोच असेल तर वहीसुद्धा चालेल. वहीत लिहिलेले वेगवेगळे पासवर्ड डोक्यात ठेवलेल्या एका पासवर्डपेक्षा चांगले.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती अजून अनेक कार्यालयांत आहे. ती सोडून द्यावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात ठराविक मुदतीने बदलण्याची सक्ती नको असे म्हटले. पासवर्ड फुटल्याची शक्यता दिसली तरच बदल करावा, आणि नवा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीत आहे का ते तपासावे, असे तिचे सांगणे आहे. सक्तीमुळे लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. जुना पासवर्ड ज्याच्या हाती आहे त्याला नवा ओळखायला वेळ लागत नाही.

दुहेरी पडताळणी या प्रकरणात साखळी तोडू शकली असती. कर्मचाऱ्याचा चोरलेला पासवर्ड बरोबर होता, पण त्याच्या फोनवरचा कोड चोराकडे नसता. एसएमएसने येणाऱ्या कोडपेक्षा फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरे, त्याहून बरी संगणकाला किंवा फोनला जोडायची हार्डवेअर किल्ली किंवा पासवर्डऐवजी वापरायची पासकी. पासकीत तर संकेतस्थळाकडे चोरण्यासारखे गुपितच राहत नाही, गुपित आपल्या फोनमध्ये असते. जिथे पासकीची सोय आहे तिथे ती घ्यावी. पण बनावट पानावर पासवर्डबरोबर कोडही टाकून बसलो तर कोड वाचवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आज काय हाताळायचे

शंभर खाती एका संध्याकाळी सुधारत नाहीत. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांची ‘पासवर्ड विसरलो’ ही लिंक तिथेच येते. ज्याच्या हाती ईमेल गेले त्याला तुमचे इतर पासवर्ड माहीत असण्याची गरजच नाही. त्यानंतर पैशांची खाती आणि मोबाइल कंपनीचे खाते. मग कामाची खाती, आणि इथे ड्रॉपबॉक्सचा तो दस्तऐवज आठवावा. आपल्या एका खात्यात इतरांची माहिती असते. ते खाते आपले असले तरी त्याच्या कुलुपावर फक्त आपलाच हक्क नसतो.

सुरक्षा-प्रश्नांची खरी उत्तरे देऊ नका. आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा, या गोष्टी ओळखीच्या दहा माणसांना माहीत असतात. तिथेही मॅनेजरकडून यादृच्छिक मजकूर तयार करून घ्या आणि नोंदवून ठेवा.

राहता राहिली जुनी खाती. २०११ मध्ये एकदा उघडलेले आणि पुन्हा न पाहिलेले एखादे खाते निरुपद्रवी वाटते, पण लिंक्डइनच्या यादीतली कित्येक खाती अशीच असणार. ‘हॅव आय बीन पोन्ड’वर आपला ईमेल पत्ता टाकला की तो कोणत्या ज्ञात चोऱ्यांमध्ये सापडला ते दिसते. लिंक्डइन आणि ड्रॉपबॉक्स या दोन्ही त्यात आहेत. तिथे पासवर्डही तपासता येतो. त्यासाठी तुमचा पूर्ण पासवर्ड बाहेर पाठवला जात नाही, त्याच्या हॅशची फक्त पहिली पाच अक्षरे जातात आणि उरलेली जुळवणी तुमच्याच संगणकावर होते. पत्ता सापडला तर त्या काळात वापरत असलेला पासवर्ड आज आणखी कुठे जिवंत आहे ते आठवून बघा आणि आधी तिथला बदला. ज्या संकेतस्थळावरून तो फुटला त्याचा नंतर बदललात तरी चालेल.